भूआमरी व तिचे रात्रीचे पाहुणे

आषाढ-श्रावणात डोंगरउतारांवरील ओलसर गवतात पांढऱ्या किंवा हिरवट-पिवळ्या फुलांचे सरळ तुरे दिसू लागतात. हीच भूआमरी होय. इंग्रजीत आमरीस ऑर्किड म्हणतात. हबेनारिया या प्रजातीतील काही भूआमरी मराठवाड्याच्या पानझडी जंगलांत आढळतात. म्हणून माहूर भागातील शाळांस निसर्गाभ्यासाचा हा उत्तम विषय आहे.

या फुलाच्या एका पाकळीस मागे शेपटीसारखी पोकळ नळी असते. तीस शुंडिका म्हणतात. तिच्या तळाशी मधुरस असतो. अनेक पांढऱ्या जातींची फुले सायंकाळनंतर सुवास सोडतात. त्या वासाने येणारा पतंग आपली लांब सोंड नळीत घालतो, तेव्हा फुलातील परागांचे चिकट पुंज त्याच्या डोक्याला वा सोंडेला चिकटतात व पुढच्या फुलावर पोचतात. मादागास्करमधील एका आमरीची सुमारे ३० सेंटिमीटर लांब नळी पाहून डार्विनने १८६२ साली तितक्याच लांब सोंडेच्या पतंगाचे भाकीत केले. तसा पतंग १९०३ मध्ये वर्णिला गेला.

हे रोप शाळेच्या बागेत आणून लावावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु तसे करू नये. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असून त्यात अन्नसाठा नसतो. मातीतील विशिष्ट कवकाची मदत मिळाली, तरच निसर्गात ते रुजते. जंगलातून उपटलेले रोप आपल्या मातीला व कवकाला मुकते आणि बहुधा टिकत नाही. शिवाय पैनगंगा अभयारण्यातून वनस्पती उपटणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये निषिद्ध आहे.

आमरी जिथे उगवते तिथेच तिला वाढू देणे, हीच तिची खरी लागवड होय. गायरानात किंवा बांधावर ती आढळल्यास शिक्षकांनी ग्रामस्थांस सांगून तेवढी जागा दगडांनी आखून घ्यावी. बोंडे वाळून बी उडेपर्यंत तेथील गवत कापू नये व गुरे चारू नयेत. पावसाळा सरल्यावर पाने वाळतात, पण जमिनीतील कंद जिवंत राहतो. म्हणून ती जागा नांगरू वा खणू नये.

मुलांकडून प्रत्येक तुऱ्यावरील फुले आधी व बोंडे नंतर मोजवून घ्यावीत. दहा फुलांपैकी किती फुलांना बोंडे धरली, यावरून परागसिंचन कितपत झाले याचा अंदाज मुलांना स्वतःच बांधता येईल.