धक्का वेगाचा की बदलाचा?

एस.टी.तून उभ्याने प्रवास करण्याचा प्रसंग तुमच्यावर आला असेलच. कंडक्टर दोनदा घंटी वाजवतो, गाडी निघते आणि आपण एकदम मागे झुकतो. ब्रेक लागला की पुढे जातो. वळण आले की बाहेरच्या बाजूला फेकले जातो. पण सरळ, सपाट रस्त्यावर गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने एकसारखी धावत असली की दांडी सोडूनही खुशाल उभे राहता येते.

ही गंमत नीट पाहा. वेग सर्वांत जास्त असताना काहीच जाणवले नाही आणि गाडी नुकती हलली, म्हणजे वेग शून्याच्या जवळपास होता, तेव्हा मात्र हिसका बसला! म्हणजे हिसका वेगामुळे बसत नाही. तो वेगात होणाऱ्या बदलामुळे बसतो. वेग किती झपाट्याने बदलतो, हे सांगणाऱ्या राशीला ‘त्वरण’ म्हणतात.

एक सोपे उदाहरण घेऊ. थांब्यावरून निघालेल्या गाडीने १० सेकंदांत ताशी ३६ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला १० मीटर एवढा वेग घेतला. वेग सारखा वाढत गेला असे मानले, तर पहिल्या सेकंदाअखेर तो १ मीटर प्रति सेकंद, दुसऱ्या सेकंदाअखेर २, तिसऱ्याअखेर ३ असा होईल. दर सेकंदाला वेगात ‘१ मीटर प्रति सेकंद’ एवढी भर पडली. म्हणून त्वरण झाले १ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद. ‘प्रति सेकंद’ दोनदा का, असे पुष्कळ विद्यार्थी विचारतात. त्यांतला पहिला सेकंद वेगाचा आहे. दुसरा, तो वेग बदलायला लागलेल्या काळाचा.

हीच गाडी ब्रेक लावून २ सेकंदांत थांबली तर? वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदाने घटला. हे ऋण त्वरण. त्याला मंदन असेही म्हणतात. निघतानाच्या मानाने ते पाचपट, म्हणून ब्रेकचा हिसकाही मोठा. आणि वळणावर? तेथे काटा ताशी ३० किलोमीटरवर स्थिर असला, तरी दिशा बदलत असते. वेगात चाल आणि दिशा दोन्ही येतात. दिशा बदलली की वेग बदलला, आणि वेग बदलला की त्वरण आलेच.

मग माणूस किती त्वरण सोसू शकतो? अमेरिकन हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी हे स्वतःच्या शरीरावर अजमावून पाहिले. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर ते रॉकेटच्या जोरावर रुळांवरून धावणाऱ्या गाडीत बसले. पट्ट्यांनी त्यांना आसनाशी घट्ट जखडले होते. गाडीने ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि पाण्याच्या रोधाने ती अवघ्या १.४ सेकंदांत थांबवण्यात आली. पडणाऱ्या वस्तूला पृथ्वीमुळे ९.८ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद एवढे त्वरण मिळते. त्याला ‘g’ऐवजी आपण येथे ‘गुरुत्वत्वरण’ म्हणू. स्टॅप यांनी थांबताना क्षणभर त्याच्या ४६ पट मंदन सोसले. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले. पण ते वाचले आणि दृष्टीही परत आली. पुढे मोटारींत सुरक्षापट्टे हवेत, यासाठी त्यांनी खूप खटपट केली.

आता एक छोटा हिशेब करू. मोटारसायकल उभी आहे, म्हणजे तिचा वेग शून्य. स्वाराचा तोल गेला आणि त्याचे डोके दीड मीटर उंचीवरून रस्त्यावर आपटले. पडताना १५० सेंटिमीटर अंतरात जो वेग मिळाला, तो सगळा आपटताना नाहीसा व्हायचा आहे. डोके ३ सेंटिमीटर अंतरात थांबले, तर अंतर ५० पटीने कमी झाले. म्हणून मंदन गुरुत्वत्वरणाच्या ५० पट. पण डांबरी रस्ता दबत नाही. डोके ३ मिलिमीटरमध्येच थांबले असे धरले, तर मंदन ५०० पट होते! वेग दोन्ही वेळा तोच. फरक फक्त थांबण्याच्या अंतराचा.

हेच तत्त्व आपण रोज वापरतो. झेल घेताना खेळाडू हात मागे ओढतो. उंचावरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो. नारळ दगडावर फुटतो, पण वाळूच्या ढिगावर तेवढ्याच उंचीवरून पडला तर बहुधा शाबूत राहतो.

हेल्मेटचे कामही हेच. त्याच्या कठीण कवचाच्या आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो. आघात होताच तो चेपतो आणि डोक्याला थांबायला थोडे अंतर, थोडा वेळ मिळवून देतो. एकदा चेपलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून जोरदार आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदलायचे असते. पट्टा न बांधता नुसते ठेवलेले हेल्मेट तर आधीच निसटते.

“इथेच कोपऱ्यावर जायचे आहे, गाडी हळूच चालवतो,” असे म्हणून घरातले कोणी हेल्मेट खुंटीवरच ठेवून निघाले, तर त्यांना वरचा हिशेब करून दाखवा. त्यात मोटारसायकलचा वेग आपण शून्य धरला होता, हे सांगायला मात्र विसरू नका.