टेबलावरचा असीरगड – लेखांक ६ : ऊन लहान होत नाही

गेल्या आठवड्यात आपण गडाचा सांगाडा उभा करून सोडला होता. खाली प्लायवूड, त्यावर थर्माकोलचे थर, वर बारदानाचे तुकडे आणि फेविकॉलमध्ये कालवलेला वर्तमानपत्राचा लगदा. (नेपानगरची कागद गिरणी आमच्याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यातली, त्यामुळे वर्तमानपत्र फाडताना मला उगीच अपराधी वाटतं.) लगदा आता खडखडीत वाळला असेल. नसेल तर हा लेखांक बाजूला ठेवा आणि आणखी दोन दिवस थांबा. आत ओल राहिली की रंगाचे पोपडे निघतात.

मापं एकदा आठवून घेऊ. असीरगड पायथ्यापासून सुमारे २५० मीटर उंच, माथ्याची लांबी साधारण एक किलोमीटर. हजारास एक या प्रमाणात आपला डोंगर २५ सेंटीमीटर उंच आणि मीटरभर लांब झाला. माथ्याभोवतीचा ताशीव कडा मुळात ८० ते १२० फुटांचा, आपल्याकडे जेमतेम अडीच ते साडेतीन सेंटीमीटर. माणूस पावणेदोन मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा. दिवाळीच्या किल्ल्यावरचा बोटभर मावळा इथे ठेवला तर तो साठ मीटरचा राक्षस होईल. म्हणून वॉरगेम खेळणारे जुनी तडजोड करतात : जमीन एका मापाची, शिपाई दुसऱ्या मापाचे. आपण ६ मिलिमीटरचे शिपाई घेतले आहेत. तेही मोठेच, पण नजर तेवढं चालवून घेते.

नजर जे चालवून घेत नाही ते म्हणजे रंग. माझा पहिला असीरगड मी फार प्रामाणिकपणे रंगवला होता. गडाच्या पायथ्याचा दगड खिशात घालून आणला, त्याच्याशी ताडून रंग कालवला आणि सगळ्या डोंगराला फासला. भाचा दारातूनच म्हणाला, "मामा, हा गड नाही, मावा जिलबीचा ढीग आहे." बुऱ्हाणपुरात वाढलेल्या पोराला दुसरी उपमा सुचणार तरी कुठली? पण त्याचं खरं होतं. रंग अचूक असूनही डोंगर मेलेला दिसत होता.

चूक कळायला मला बरेच दिवस लागले. खऱ्या कड्यातल्या कपारी हात-दोन हात खोल असतात, त्यात भर दुपारीही अंधार साठलेला असतो. आपल्या कड्यात तीच कपार मिलिमीटरभरही खोल नसते, आणि ट्यूबलाइटचा उजेड थेट तिच्या तळाशी पोचतो. डोंगर हजारपट लहान केला तरी ऊन लहान होत नाही. म्हणून सावली आपल्यालाच रंगवावी लागते.

त्याआधी कपारी योग्य दिशेला आहेत ना, ते बघा. असीरगड सातपुड्यात असला तरी दगड आपल्या दख्खनचाच, लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला काळा पाषाण. या खडकाला भूगर्भशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. तेव्हा कड्यावरच्या ठळक रेघा आडव्या हव्यात. बाभळीची साल चिकटवणार असाल तर ती आडवी लावा. उभी लावली की डोंगर झाडाच्या खोडासारखा दिसतो.

आता सगळ्यावर काळपट तपकिरी हात द्या, पोस्टर कलरमध्ये थोडं फेविकॉल घालून. घाईघाईत स्प्रेचा डबा उचलू नका. त्यातला द्रावक थर्माकोल विरघळवतो; माझा एक अख्खा बुरूज असाच डोळ्यांदेखत खचला. हा थर वाळला की करडा-तपकिरी मधला रंग, कपारी सोडून. मग काळ्या रंगाचं चहाइतकं पातळ पाणी करा, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि कड्यावरून ओघळू द्या. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो, ते थेंबाथेंबानं अडून न राहता फटींत उतरतं.

शेवटी कोरडा ब्रश. सगळी गंमत इथे आहे, आणि बहुतेकांचं बिघडतंही इथेच. पिवळसर फिकट रंगात राठ ब्रश बुडवायचा आणि फडक्यावर इतका पुसायचा की आता त्यात काहीच उरलं नाही असं वाटावं. मग कड्यावरून वरून खाली हलकेच फिरवायचा. फक्त पुढे आलेल्या कडा रंग धरतात. पांढरा वापरू नका, पीठ सांडल्यासारखं दिसतं. सूर्य एका बाजूला मानायचा मोहही टाळा. चित्रात ते शोभतं. खेळाच्या टेबलाभोवती माणसं चहूबाजूंनी फिरतात, तेव्हा ऊन डोक्यावरचंच बरं.

हिरवळीसाठी अळीव पेरायची आपली रीत इथे उपयोगाची नाही. चार सेंटीमीटरचा कोंब म्हणजे आपल्या मापात चाळीस मीटरचं झाड. वखारीतला लाकडाचा भुसा चहाच्या गाळणीतून चाळून घ्या आणि कापड रंगवायच्या पुडीत दोन-तीन छटांत रंगवा. प्रत्येक छटेत किंचित करडा मिसळा. टेबलाशी उभे राहून आपण गड जणू सहा-सातशे मीटरवरून पाहत असतो, आणि तेवढ्या हवेतून कुठलंच हिरवं चकचकीत उरत नाही. बुऱ्हाणपूरहून सातपुडा निळसर दिसतो तो उगीच नाही.

पण आपण या टेबलावर खेळणार तो वेढा कोणत्या महिन्यातला? शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड गड लढवत होते आणि डव्हटन व माल्कम यांच्या इंग्रजी फौजा खाली तोफा लावून बसल्या होत्या ते १८१९ सालच्या मार्च-एप्रिलमध्ये. ९ एप्रिलला गड इंग्रजांकडे गेला. त्या दिवसांत सातपुड्यातला साग पानं गाळून उभा असतो. म्हणजे भुसा बहुतेक वाळक्या गवताच्या रंगाचा हवा, हिरवा फक्त ओढ्याकाठी. उतारावर टूथपिकच्या टोकानं पळसाचे पाच-सात केशरी ठिपके द्या. दहा झाले की ती रांगोळी होते.

पुढच्या आठवड्यात तटबंदी आणि दरवाजे. तोवर घरातल्या रिकाम्या काड्यापेट्या फेकू नका.