हिशेबात आपण कुठे असतो?

दिवाळीच्या आधी महिनाभर कुठल्याही गावातल्या कुठल्याही आळीतून जा, एखाद्या घरातून भाजणी भाजल्याचा वास येतोच. दारावर पाटी नसते. पण सगळ्यांना ठाऊक असतं, अमक्या वहिनींकडे चकल्या मिळतात, तमक्या काकूंकडे चिरोटे. आपण ऑर्डर देतो आणि जाता जाता म्हणतोही, “काकू, घरचंच तर आहे, जरा कमी करा की!” मैत्रिणींनो, हे ‘घरचंच तर आहे’ करणारीला किती महाग पडतं, ते यंदा वर्गात बसून नीट उमगलं.

आमच्या गावात बायकांसाठी उद्योजकतेचा तीन आठवड्यांचा वर्ग निघाला होता. दुपारी दोन ते पाच, म्हणजे घरचं आवरून जाता येईल अशी वेळ. सकाळी शाळेत फळ्यापुढे उभी राहणारी मी दुपारी बाकावर जाऊन बसायची. आम्ही बावीसजणी. कुणी पापड-कुरडया करणाऱ्या, कुणी ब्लाउज शिवणाऱ्या, दोघी पोळीभाजीचे डबे देणाऱ्या आणि काही नुसत्याच ‘पुढेमागे काहीतरी करावं’ म्हणणाऱ्या. ‘उद्योजकता’ हा शब्दच असा भारदस्त, की पहिल्या दिवशी सगळ्या गप्प!

शिकवणाऱ्या बाईंनी भाषण केलंच नाही. चकल्या विकणाऱ्या एकीला फळ्याजवळ बोलावलं आणि चार किलो चकल्यांचा हिशेब मांडायला सांगितला. तिनं भराभर लिहिलं. भाजणी दळणासकट ३०० रुपये, तेल २००, तीळ-ओवा-तिखट ६०, गॅस ८०, पिशव्या आणि लेबलं ४०. एकूण ६८०. विकायचा भाव किलोला २२०, म्हणजे हातात आले ८८०. “दोनशे रुपये नफा,” ती खुशीत म्हणाली.

“वेळ किती गेला?” बाईंनी विचारलं.

धान्य धुणं, वाळवणं, भाजणं, गिरणीत जाणं, पीठ मळणं, चकल्या पाडणं, तळणं, निवल्यावर भरणं. सगळं मिळून आठ तास. बाईंनी विचारलं, मदतीला बाई लावली तर तासाला किती द्याल? ती म्हणाली, साठ तरी द्यावेच लागतील. आठ तासांचे ४८०. मग खर्च झाला ११६०, म्हणजे किलोला २९०. आणि ही विकत होती २२०ला! चार किलोंमागे २८० रुपये तोटा. मोडक्या चकल्या घरात खाल्ल्या जातात त्या वेगळ्याच, त्या कुणी धरल्याच नव्हत्या.

वर्गात क्षणभर कुणी बोलेना. मग मागून एक आवाज आला, “पण आपल्याला कोण मजुरी देतंय?” सगळ्या हसल्या. मला मात्र ते हसू लागलं. अहो, दुसरी बाई लावली की तिचे पैसे आपण बिनतक्रार खर्चात धरतो. तेच काम आपण केलं की ते काम राहत नाही, ‘हौस’ होते. आणि हौसेला कुठे भाव असतो?

आता भाव वाढवायचा म्हटलं, की गिऱ्हाईक तुटायची भीती. ती खोटी नाही. त्या चकलीवालीनं दुसऱ्या दिवशी बाजारात चार दुकानं फिरून भाव काढून आणले. दोन ठिकाणी तिच्याहून स्वस्त, दोन ठिकाणी तिच्याहून कितीतरी महाग. बाई म्हणाल्या, स्वस्तवाल्याशी तुमची बरोबरीच नाही, तो यंत्रावर करतो. तुम्ही भाव ठरवा, आणि मग तो देणारं गिऱ्हाईक शोधा. तिनं किलोला ३५० ठरवला, म्हणजे मजुरी सुटून वर ६० रुपये. शेजारच्या दोघींनी तोंडं वाकडी केली म्हणे. एका डॉक्टरीणबाईंनी मात्र तीन किलो सांगितल्या.

या साठ रुपयांवरूनच पुढचा धडा आला. पिशव्या बंद करायचं यंत्र समजा २४०० रुपयांना घेतलं, तर ४० किलो चकल्या विकेपर्यंत तुम्ही फक्त यंत्राचे पैसे फेडत असता. ना नफा ना तोटा म्हणतात तो मुक्काम हाच. यंत्र घेण्याआधी हा आकडा काढून पाहा, निम्म्या वस्तू दुकानातच राहतील!

लिज्जत पापडाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. १५ मार्च १९५९, गिरगाव, सातजणी आणि ८० रुपये उसने. पण आपण त्या ८० रुपयांपाशीच कौतुक करत थांबतो. मला त्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. तिथे पापड लाटणाऱ्या बहिणीला किलोच्या हिशेबानं लाटणावळ मिळते, आणि शिवाय नफ्यात वाटा. हातांची किंमत आधी, नफा नंतर. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. मुंबईत गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांचंही असंच. दिवसभर चुलीपुढे राबायचं आणि मिळकत सावकाराच्या व्याजात जायची. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेच्या दारापर्यंत नेलं.

वर्गातल्या बाकीच्या गोष्टी तशा सोप्या. धंद्याचा डबा आणि घरचा डबा वेगळा. घरातली साखर धंद्याला घेतली तर वहीत मांडायची, आणि धंद्यातले पैसे मुलाच्या सहलीला दिले तर तेही मांडायचे. उधारी नातेवाइकांना नाही. (हे फळ्यावर लिहायला सोपं, नणंद दारात उभी असताना अवघड!) खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर अन्नसुरक्षा विभागाकडे नोंदणी करा, तो चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. लहान उद्योगांसाठी ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती फुकट आहे. कुणी एजंट पैसे मागत असेल तर सरळ वाटेला लावा. २०१५ साली आलेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं ‘शिशु’ कर्ज तारण न ठेवता मिळतं. मात्र बँक कागद विचारते, आणि इथेच आमच्यातल्या एकीची गोष्ट सांगायला हवी.

या बाई अकरा वर्षं पुरणपोळ्या करून विकतात. लग्नकार्यात दोन-दोनशे पोळ्यांची ऑर्डर असते. वर्गात फारशा बोलायच्या नाहीत. कागदपत्रांच्या दिवशी बाईंनी प्रत्येकीला आपल्या धंद्याचे कागद आणायला सांगितले. यांनी पिशवीतून काढले. नोंदणी यजमानांच्या नावावर, बँकेचं खातं यजमानांचं, पावतीपुस्तकावरही त्यांचंच नाव. अकरा वर्षांच्या पोळ्यांपैकी एकही त्यांच्या नावावर नव्हती. यजमान वाईट आहेत का? मुळीच नाही. पोळ्या पोचवायला तेच जातात. “तुला कशाला सह्यांची कटकट?” एवढंच त्यांचं म्हणणं.

काही जणी म्हणाल्या, नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं? मला हे पटत नाही. प्रेम आपल्या जागी, पण नव्या भट्टीसाठी बँकेत जायचं झालं तर अर्जावर सही कुणाची, हा प्रश्न प्रेमाचा नसतो. आणि वाईट दिवस सांगून येत नाहीत.

त्या बाईंनी घरी काय बोलणं केलं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र त्या अर्धा तास उशिरा आल्या. बँकेत रांग होती म्हणाल्या. पिशवीतून नवं कोरं पासबुक काढून शेजारणीला दाखवलं. नावाखाली पहिली जमा ५०० रुपये होती, आणि पावतीपुस्तकं नवीन छापायला टाकली आहेत म्हणाल्या.