मूळ आवाजाची जपणूक
शिरड शहापूरच्या श्री मल्लिनाथ क्षेत्रावरील पूजा अथवा घरच्या आजींचे भक्तामर-पठण ज्यांच्याकडे सीडीवर आहे, त्यांनी ते आता संगणकावर उतरवून घ्यावे. घरी भरलेल्या सीडीवरील रंगद्रव्याचा थर कालांतराने बिघडतो; ती वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत.

१९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी ध्वनीची सेकंदाला ४४,१०० मोजमापे नोंदविते. १२८ किलोबिटची एमपीथ्री प्रत त्या माहितीचा जेमतेम अकरावा हिस्सा राखते. कीर्द टाकून केवळ गोषवारा जपावा, तसा हा प्रकार. ‘फ्लॅक’ पद्धतीत आकार साधारण निम्मा होतो. परंतु एकही नोंद गळत नाही.

दिवाळीच्या सुटीत नातवंडांकडून फ्लॅक प्रती करवून घ्याव्यात आणि त्या दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात.