रोजी घरात, भुसा घराबाहेर

हाताच्या मेहनतीच्या कमाईला आपल्या दीनमध्ये मोठा मान आहे. हजरत जकरिया (अलै.) सुतार होते, हे सहीह मुस्लिममधील हदीसवरून आपल्याला कळते. त्यामुळे करवत-रंधा घरात आला तर आम्ही त्याचे स्वागतच करतो. गाळ्याचे भाडे परवडत नाही म्हणून कितीतरी कारागीर पडवीत, गच्चीवर किंवा बाहेरच्या खोलीत काम करतात. काही तरुण हौसेने टेबल मांडतात आणि त्याच्या वर भिंतीला उघड्या फळ्या ठोकून स्क्रू, गोंद, अवजारे ठेवतात.

मात्र एक फरक लक्षात ठेवायला हवा. कारखान्यातला कामगार संध्याकाळी धुळीतून बाहेर पडतो. घरी काम असेल तर तीच हवा रात्री मुले आणि दादी-नाना श्वासात घेतात. कमावणारा एक आणि धूळ खाणारे पाच, असे होऊ नये. घरच्यांची तब्येत ही कमावणाऱ्याकडे सोपवलेली अमानत आहे.

दिसतो तो भुसा, नडते ती धूळ

करवतीचा जाड भुसा आणि रंध्याच्या ढलप्या जमिनीवर पडतात व झाडूने निघतात. खरा त्रास असतो तो पॉलिश पेपर, सँडर आणि कटर मशीनमधून उठणाऱ्या बारीक धुळीचा. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. या धुळीतले पुष्कळ कण 10 मायक्रॉनहूनही बारीक असतात. ते दिसत नाहीत आणि तासन् तास हवेत तरंगतात.

इंग्लंडमधील हाय विकम हे फर्निचरसाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या सुतारांमध्ये नाकाचा एक दुर्मिळ कर्करोग नेहमीपेक्षा फार जास्त आढळतो, हे 1960 च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले. 1995 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांत धरले. हा धोका वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांचा आहे; दोन रविवार टेबल बनवणाऱ्याने घाबरू नये. पण शिंका, दमा, डोळ्यांची आग आणि सागवान किंवा शिसमाच्या धुळीने सुटणारी खाज यांना वर्षे लागत नाहीत.

अमेरिकेतील कामगार आरोग्य संस्था नायोश हिने सुचवलेली मर्यादा एका घनमीटर हवेत 1 मिलिग्रॅमची आहे. लांबी, रुंदी, उंची दहा-दहा फूट असलेल्या खोलीत ती सुमारे 28 मिलिग्रॅम भरते. चिमूटभर मीठसुद्धा याहून जास्त असते.

उगमापाशीच अडवा

उडालेली धूळ गोळा करण्यापेक्षा ती उडू न देणे सोपे. सँडरला किंवा कटरला धूळ बाहेर टाकणारे तोंड असेल तर त्याला व्हॅक्यूमची नळी जोडावी. मध्ये झाकणबंद बादलीचा सायक्लोन बसवला तर हवा गोल फिरून जड भुसा बादलीतच पडतो आणि फिल्टर लवकर भरत नाही. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर हवा. साध्या कापडी पिशवीतून बारीक धूळ परत खोलीत येते.

एवढी सोय नसेल तर घासकाम आणि एमडीएफ कापणे उघड्यावर करावे. वारा एका बाजूने येईल असे उभे राहावे. खोलीतच काम असेल तर छताचा पंखा बंद, खिडकीत बाहेर फेकणारा एक्झॉस्ट फॅन चालू आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. घरात जाणारे दार मात्र बंदच असावे.

उघड्या फळ्यांचे काय?

फळीवरचा प्रत्येक डबा धूळ धरून ठेवतो. कुणी डबा ओढला किंवा पंखा लावला की ती धूळ पुन्हा उडते, म्हणजे काम नसलेल्या दिवशीही घरात धूळ येते. फळ्या घासकामाच्या टेबलावर न ठोकता दुसऱ्या भिंतीवर घ्याव्यात. स्क्रू-खिळ्यांसाठी झाकणाच्या पारदर्शक बरण्या वापराव्यात. पटाशी, हातोडी भिंतीवरच्या बोर्डाला टांगावी. उभ्या वस्तूवर धूळ कमी बसते. समोर पडदा लावायचा तर रेक्झिनचा लावावा, तो ओल्या फडक्याने पुसता येतो. जुनी चादर धूळ साठवते आणि हलली की झटकते. धान्य, अंथरूण आणि मुलांची खेळणी या फळ्यांवर कधीच ठेवू नयेत.

झाडू आधी नको

कोरडा झाडू आणि हवेचा ब्लोअर बसलेली धूळ पुन्हा उडवतात. आधी व्हॅक्यूम, मग ओले फडके; वरच्या फळीपासून सुरुवात आणि जमीन शेवटी. झाडूच वापरायचा असेल तर विजेच्या वस्तू बाजूला करून भुशावर थोडे पाणी शिंपडावे.

तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, एन-95 मास्क अडवतो. पण दाढीवर तो घट्ट बसत नाही आणि कडेने धूळ आत जाते. आपल्यातल्या अनेक कारागिरांना दाढी असते, म्हणून मास्कवर भिस्त न ठेवता उगमापाशी धूळ अडवणे त्यांच्यासाठी अधिक गरजेचे आहे.

लाकडाचा भुसा पाक आहे, त्याने कपडे नापाक होत नाहीत. तरीही मुसल्यावर उभे राहण्याआधी आणि लेकराला उचलण्याआधी कामाचे कपडे बदलावेत व वेगळे धुवावेत. हातावर वाळलेल्या गोंदाचा किंवा वॉर्निशचा थर पाणी त्वचेपर्यंत पोहोचू देत नाही. तो वुजूपूर्वी काढावा.

आग आणि विल्हेवाट

कोरडा भुसा सहज पेटतो. बिडी, सिगारेट आणि लोखंड घासणाऱ्या ग्राइंडरच्या ठिणग्या त्याच्यापासून दूर ठेवाव्यात. स्विचबोर्ड आणि मोटारीवर धूळ साचू देऊ नये. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा आपोआप तापून पेटू शकतो. त्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात.

बकरी ईदच्या आधी शेजारी बकऱ्याखाली घालायला भुसा मागतात. साध्या, रंग न लावलेल्या लाकडाचा जाड भुसा खुशाल द्यावा. प्लायवुड-एमडीएफच्या भुशात रासायनिक गोंद असतो. तो जनावराखाली घालू नये आणि चुलीतही जाळू नये. पिशवी बांधून कचऱ्यात द्यावा.

बंदोबस्त पुरेसा झाला की नाही, हे पाहायला यंत्र लागत नाही. काम संपल्यावर तासाभराने शेजारच्या खोलीतला दिवा बंद करून टॉर्च लावावी. झोतात कण दाटून तरंगताना दिसले तर अजून काम बाकी आहे, आणि बिछाने घालण्याआधी ते पूर्ण करायला हवे.