मैलकुलीच्या गोष्टीनंतर

आमच्या वसाहतीतील ज्येष्ठ नागरिक संघाचा एक लहानसा वाचनगट आहे. अकरा घरे आणि पुस्तकाची एकच प्रत. ती प्रत प्रत्येक घरी आठ दिवस राहते आणि रविवारी सकाळी पुढच्या घरी जाते. वाचणाऱ्याला काही आठवले, तर त्याने ते समासात पेन्सिलीने लिहावे, असा आमचा नियम आहे. पुस्तकावर प्रेम करणाऱ्या कोणा ग्रंथपालाने हे पाहिले, तर तो आम्हां सर्वांना बाहेर काढील! पण या समासांमुळेच आमचे पुस्तक दाराशी येते ते थोडे जाडजूड होऊन आल्यासारखे वाटते.

या वेळी व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ फिरत होते. १९४९ साली प्रथम प्रसिद्ध झालेले हे पुस्तक. त्यातील लेखांना कोणी व्यक्तिचित्रे म्हणतात, कोणी कथा. आमच्या घरी ते सहाव्या क्रमांकाने आले. माझे सासर आटपाडी तालुक्यातले, म्हणजे ऐन माणदेशातले. माडगूळकरांचे माडगुळे गावही त्याच तालुक्यात. सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमांवरचा हा कोरडा मुलूख माण नदीच्या नावाने ओळखला जातो, आणि ती नदी वर्षातील बहुतेक काळ वाळूच वाहून नेते, असे सासरची माणसे हसत सांगतात.

सासूबाई आता ८६ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. सकाळी घेतलेला चहा त्यांना दहा वाजता आठवत नाही. मला त्या कधी ‘सूनबाई’ म्हणतात, कधी स्वतःची थोरली बहीण समजतात. सर्वांत कठीण असतो तो संध्याकाळचा वेळ. दिवेलागणीला त्यांची घालमेल सुरू होते. पदर सावरत त्या दाराशी जातात आणि ‘मला घरी सोडा’ म्हणतात. या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत संध्याकाळी अस्वस्थता वाढते, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि रोज साडेसहाला दाराची कडी धरून उभे राहणे निराळे. यजमान त्या वेळी फिरायला जात. मी त्यांना दोष देत नाही. आपली आई आपल्याला ‘तुम्ही कोण?’ असे विचारते, हे दिवसातून तीन वेळा ऐकणे सगळ्यांना जमत नाही.

पुस्तक मी त्यांच्यासाठी आणले नव्हते. स्वतःसाठीच आणले होते. दुपारी चारच्या सुमारास त्यांच्या पलंगाशेजारी बसून मनात वाचत होते, तेव्हा त्यांनी विचारले, “काय पुटपुटतीस?” मग मोठ्याने वाचू लागले.

पहिल्या दिवशी ‘धर्मा रामोशी’ वाचले. त्या गोष्टीत म्हाताऱ्या, गरीब धर्माला दिलेले जुने धोतर शेवटी त्याच्या मुलीच्या अंगावर दिसते. ते वाक्य संपले आणि सासूबाई म्हणाल्या, “आमच्यात दोघींत एक लुगडं व्हतं.” मी पुस्तक मिटले. दोघी म्हणजे त्या आणि त्यांची थोरली बहीण. एकीने धडके लुगडे नेसून विहिरीवर जायचे, तोवर दुसरीने जुनेर गुंडाळून घरात बसायचे. औंध संस्थानच्या काळातली, त्यांच्या बालपणाच्या शेवटाशेवटाची ही हकीकत. छत्तीस वर्षांच्या संसारात मी ती कधी ऐकली नव्हती.

इथे माझ्याकडून चूक झाली, ती सांगायला हवी. मी उत्साहाने विचारत सुटले: कोणते साल? तुम्ही केवढ्या होता? लुगडे कोणत्या रंगाचे? सासूबाईंचा चेहरा मिटत गेला. परीक्षेला बसवलेल्या मुलासारख्या त्या माझ्याकडे पाहू लागल्या आणि म्हणाल्या, “मला काय बी ठावं न्हाई.” ज्याची स्मृती विरत चालली आहे, त्याला ‘आठवते का?’ असे विचारणे म्हणजे त्याच्या उणिवेवर बोट ठेवणे. दुसऱ्या दिवसापासून मी प्रश्न बंद केले. ‘विहीर लांब असेल नाही’ एवढेच म्हणून गप्प राहायचे. बोलावेसे वाटले तर त्या बोलत. नाही तर आम्ही पुढचे पान वाचत असू.

गेलेल्या दिवसांत रमणे हे म्हाताऱ्या माणसाचे वाईट लक्षण नव्हे, ते वार्धक्यातील स्वाभाविक कार्य आहे, असे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडले. त्यापूर्वी डॉक्टर मंडळी याकडे बुद्धी ढळत चालल्याची खूण म्हणून पाहत. पुढे जुनी छायाचित्रे, वस्तू, गाणी व गोष्टी यांच्या आधाराने आठवणी जागवण्याची पद्धत वृद्धाश्रमांत रूढ झाली. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात सुरू झालेल्या ‘द रीडर’ या संस्थेने तर गटात बसून कथा-कविता मोठ्याने वाचण्याचा उपक्रम वृद्धांच्या निवासांपर्यंत नेला. मात्र याला औषध समजू नये. २०१८ साली झालेल्या कॉक्रेन आढाव्यात अशा उपक्रमांचे परिणाम सर्वत्र सारखे नाहीत आणि बहुधा अल्पच आहेत, असे आढळले. सासूबाईंची स्मृती वाचनाने परत आलेली नाही. वाचून झालेली गोष्ट त्या तासाभरात विसरतात. पण तो तासभर त्या आमच्यात असतात. माझ्यापुरते तेवढे पुष्कळ आहे.

लहान गोष्ट यासाठी फार सोयीची पडते. कादंबरीचा कालचा धागा आज हाती लागत नाही. गोष्ट मात्र एका बैठकीत सुरू होऊन संपते. आम्ही पंधरा-वीस मिनिटे वाचतो, चहाच्या नंतर, दिवेलागणीच्या बऱ्याच आधी. कानातले यंत्र लावले आहे ना, हे आधी पाहावे लागते. दोन दिवस मी ते विसरले आणि ‘आज आईंचे लक्ष नाही’ अशी कुरकुर करत बसले.

चौथ्या दिवशी ‘रामा मैलकुली’ निघाली. रस्त्याच्या एकेका मैलाची निगा राखणारा मजूर, तो मैलकुली. त्या दिवशी यजमान घरीच होते, खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन. मी वाचत असताना सासूबाईंचा उजवा हात मांडीवर हलकेच वरखाली होऊ लागला. डाव्या हाताची बोटे काहीतरी धरल्यासारखी आवळलेली. मी थांबले. त्या म्हणाल्या, “खडी अशी फोडायची. बोट मधी आलं की गेलं.”

“आई, खडी कुणी फोडली?” यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवत विचारले.

“म्या. दुष्काळात.”

दुष्काळात म्हणजे १९७२ साली. महाराष्ट्रात लागोपाठ तीन वर्षे पाऊस रुसला होता. सरकारने रस्ते, पाझर तलाव, बंडिंग अशी दुष्काळी कामे काढली; १९७३च्या मे महिन्यात त्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. परदेशातून आलेली लालसर मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. यजमान तेव्हा चौदा वर्षांचे होते. त्या काळाची आमच्या घरातली गोष्ट मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले आहे. आमचे घर मानी. घरातली बाई कधी रस्त्याच्या कामाला गेली नाही. आणि १९७३च्या जूनमध्ये सासऱ्यांनी खिलारी बैलांची जोडी विकून मुलाला सांगलीच्या वसतिगृहात ठेवले. यजमानांनी आपल्या सेवानिवृत्तीच्या भाषणातही ‘मी दोन बैलांच्या किमतीवर शिकलो’ असे सांगितले होते, आणि सभागृहात अनेकांनी डोळे पुसले होते.

सासूबाई बोलत राहिल्या, तुटक तुटक. आईच्या दुखण्याचे निमित्त करून त्या माहेरी गेल्या होत्या. कामावर स्वतःचे नाव लावले नाही. हजेरीपटावर बहिणीचे नाव होते. बहीण तापाने पडून होती, तिच्या जागी या बसत. सासरी कळले असते तर घरात घेतले नसते. आठवड्याच्या पैशांतले निम्मे बहिणीला, निम्मे लुगड्याच्या गाठीत.

“आणि बैल?” यजमानांचा आवाज चढला होता.

“बैल छावणीत मेलं. तुला सांगितलं न्हाई. तू रडला असतास.”

यजमान उठून गेले. रात्री जेवताना म्हणाले, “हा भ्रम आहे. ऐकलेले, वाचलेले सगळे एकत्र होते त्यांच्या डोक्यात.” त्यांचे म्हणणे मला झटकून टाकता येईना. स्मरण म्हणजे कपाटातून जशीच्या तशी बाहेर काढलेली घडी नव्हे. आपण प्रत्येक वेळी ती गोष्ट नव्याने रचतो. केंब्रिजमधील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवले, आणि तेही लोकांना एक लोककथा वाचायला देऊन व पुनःपुन्हा सांगायला लावून. धडधाकट माणसांच्याही सांगण्यात ती कथा बदलत गेली. मग आमच्या सासूबाईंचे काय? गोष्टीतला मैलकुली आणि स्वतःचा भूतकाळ यांची सरमिसळ झाली नसेल कशावरून? विचारावे अशी माणसे आज हयात नाहीत. बहीण गेली, सासरे गेले, कामावरचा मुकादम कोण होता हे कोणास ठाऊक!

सासूबाईंच्या डाव्या अंगठ्याचे नख मात्र मधोमध दुभंगलेले आहे. कोरडे, जाड, कौलासारखे दोन बाजूंना उतरते. मी ते दर पंधरा दिवसांनी कापते. ‘विळा लागला होता,’ असे त्यांनी पूर्वी कधीतरी सांगितले होते. विळ्याचा घाव असा असतो का, हे मला सांगता येणार नाही. शनिवारी मी कोमट पाणी आणि नखे कापण्याचे यंत्र घेऊन बसले, तेव्हा यजमान आले आणि म्हणाले, “आण, मी कापतो.” त्यांनी ते नख बराच वेळ हातात धरून ठेवले. सासूबाई त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, “तुम्ही कोण?” ते म्हणाले, “मी वसतिगृहातला.” त्या म्हणाल्या, “मग जेवून जा.”

जागलेली आठवण नेहमी गोड निघत नाही, हे ज्यांना घरी असे वाचन करावयाचे आहे त्यांनी ध्यानात ठेवावे. त्या संध्याकाळी सासूबाई बहिणीसाठी रडल्या. ‘तसे काही झालेच नाही’ म्हणून मी त्यांना गप्प केले नाही आणि खोदूनही विचारले नाही. पाठीवर हात ठेवून बसले, मग दोघींनी मिळून शेंगा सोलल्या. हातांना काम मिळाले की त्यांचे रडू ओसरते, हे मला अनुभवाने कळले आहे. आणि एक सावधगिरी: एक-दोन दिवसांतच गोंधळ अचानक वाढला, माणूस सुस्तावला किंवा भलतेच बरळू लागला, तर ते जुन्या आठवणींवर ढकलू नये. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे तसे झाले, तेव्हा कारण लघवीच्या मार्गातील संसर्गाचे निघाले. अशा वेळी पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवावे.

रविवारी पुस्तक सातव्या घरी जायचे होते. सकाळी पाहते तो यजमान पलंगाशेजारी माझ्या खुर्चीवर बसून मोठ्याने वाचत होते. तीच गोष्ट, मैलकुलीची. सासूबाई पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकत होत्या. मी सातव्या घरी दूरध्वनी करून दोन दिवसांची मुदत मागून घेतली. वाचनगटाच्या इतिहासात हा पहिलाच उशीर.

मंगळवारी संध्याकाळी, साडेसहाला, यजमान फिरायला गेले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली. आधीच्या पाच घरांनी त्या गोष्टीचा समास बराच भरून टाकला होता: कोणाच्या आजोळचा रस्ता, कोणाच्या वडिलांची बैलगाडी. खाली दोन बोटे जागा उरली होती. त्यांनी लिहिले, ‘माझ्या आईने १९७२च्या दुष्काळात खडी फोडली, असे ती सांगते.’ थोडा वेळ थांबले. मग शेवटचे तीन शब्द खोडरबराने पुसले, कागदावरची भुकटी फुंकली आणि पुस्तक पोहोचवायला स्वतःच गेले.