महानुभाव पंथ आणि स्थलांतराची सामाजिक जाळी

स्थलांतराचे सामाजिक जाळे म्हणजे मूळ ठिकाणी राहिलेले लोक, आधी गेलेले लोक आणि पुढे जाऊ पाहणारे लोक यांना जोडणारे नातेसंबंध. रक्ताचे नाते, गाव, जात, व्यवसाय किंवा संप्रदाय यांपैकी काहीही या संबंधांचा आधार असू शकते. तेराव्या शतकात वऱ्हाडातील रिद्धपूर (तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती) येथे केंद्रित झालेला महानुभाव पंथ पुढे पंजाब, पेशावर व काबूलपर्यंत पोहोचला. सांप्रदायिक जाळ्याचे हे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण आहे.

संकल्पना

मजुरीतील तफावत, दुष्काळ किंवा युद्ध ही स्थलांतराची कारणे होत. पण माणूस नेमका कोणत्या गावी जाईल, हे केवळ त्यांवरून ठरत नाही. आधी गेलेला माणूस वाट सांगतो, निवारा देतो, ओळख करून देतो. त्यामुळे मागून येणाऱ्याचा खर्च आणि धोका दोन्ही घटतात. प्रत्येक नवा स्थलांतरित पुढच्यासाठी दुवा ठरतो आणि प्रवाह स्वतःच्या बळावर वाढू लागतो. मेक्सिकोतून अमेरिकेत होणाऱ्या स्थलांतराच्या अभ्यासातून समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी या प्रक्रियेची सविस्तर मांडणी केली आहे.

रिद्धपूर : जाळ्याचे केंद्र

पंथाच्या परंपरेनुसार चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतील भडोचचे. रामटेकच्या यात्रेस निघाले असता रिद्धपूर येथे त्यांची गोविंदप्रभूंशी (गुंडम राऊळ) भेट झाली. म्हणजे पंथाच्या इतिहासाचा आरंभच एका परप्रांतीय यात्रेकरूपासून होतो. चक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्य व इतर शिष्य रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सन्निध राहिले. विखुरलेल्या शिष्यांना एकत्र आणणारे स्थान म्हणून या गावाचे महत्त्व तेव्हा दृढ झाले. म्हाइंभटांनी ठिकठिकाणच्या प्रत्यक्षदर्शींकडून आठवणी मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. या ग्रंथाची निर्मितीही अशा परस्पर-ओळखींच्या आधारेच शक्य झाली.

उत्तरेकडील विस्तार

चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रातच राहण्याचा उपदेश केला होता. तरीही पंथ पुढे सिंधूपलीकडे गेला. या विसंगतीचे उत्तर काही अंशी पंथाच्या रचनेत सापडते. संन्यासी साधकाला अटन, विजन व भिक्षा हे आचार सांगितलेले होते. एका जागी स्थिरावणे त्याला वर्ज्य होते. गृहस्थ अनुयायी मात्र स्थिर असत. फिरता साधक दूरच्या वस्त्यांना जोडी आणि स्थिर गृहस्थ त्याला भिक्षा देई. गुरुशिष्यपरंपरा, मठ आणि तीर्थयात्रा यांमुळे हा संबंध पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

पंजाबात हा पंथ ‘जयकृष्णी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पंजाब, पेशावर आणि काबूल यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गांवर खत्री व्यापाऱ्यांची जुनी ये-जा होती. माल, हुंडी व बातमी ज्या वाटांनी जाते, त्याच वाटांनी श्रद्धाही जाऊ शकते. काबूलपर्यंतच्या प्रसाराचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

भाषा हा दुवा

सामान्यतः स्थलांतरित समाजाची मूळ भाषा दोन-तीन पिढ्यांत क्षीण होते. येथे उलट घडले. मराठी ही ज्यांची मातृभाषा नव्हती, अशा पंजाबी साधकांनी ती धर्मभाषा म्हणून आत्मसात केली. नागदेवाचार्यांनी संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरला होता. त्यामुळे ग्रंथ समजून घेण्यासाठी मराठी शिकणे क्रमप्राप्त ठरले. येथे माणसांपेक्षा भाषेनेच अधिक दूरचे स्थलांतर केले, असे म्हणता येईल.

फाळणी

१९४७ पूर्वी रिद्धपूर ते पेशावर हा प्रवास एकाच राजवटीतील होता. फाळणीने त्याच वाटेवर आंतरराष्ट्रीय सीमा उभी केली. पश्चिम पंजाब व पेशावरकडील हिंदू समाजाबरोबर महानुभाव अनुयायीही विस्थापित होऊन भारतात आले. हे स्थलांतर जाळ्यामुळे घडले नाही. ते हिंसाचार व भीती यांमुळे घडले. सीमेपलीकडील स्थानांशी असलेला नित्य संबंध तुटला. तीर्थस्थाने मात्र महाराष्ट्रात असल्याने पंथाचे केंद्र शाबूत राहिले. घर गमावलेल्या अनुयायांनाही रिद्धपूर, माहूर, फलटण ही स्थाने पूर्वीइतकीच आपली होती.

मर्यादा

जे जाळे आतल्यांना आधार देते, तेच बाहेरच्यांना दूर ठेवू शकते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यामुळे ग्रंथांचे रक्षण झाले. परंतु इतर मराठी समाज या वाङ्मयाला शतकानुशतके पारखा राहिला आणि पंथाविषयी गैरसमज वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केल्यावर ही कोंडी फुटू लागली. आजच्या स्थलांतरितांतही हाच दुहेरी परिणाम दिसतो: ओळखीमुळे पहिले काम लवकर मिळते, पण ओळखीच्याच वर्तुळात राहिल्यास नव्या समाजाशी संबंध जुळण्यास विलंब होतो.

सद्यस्थिती

पंजाब, हरियाणा व दिल्लीकडील अनुयायी आजही रिद्धपूरच्या यात्रेस येतात. महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठासाठी याच गावाची निवड केली आहे.